सुलतानाच्या पंजाला लोणी

सलग आठव्या सकाळी कंगवा कोरा निघाला.

क्लेम ट्रेंबाथनं तो मागच्या व्हरांड्यातल्या उजेडात धरला, एक डोळा मिटला आणि दातांच्या फटींतून पलीकडचं आकाश पाहिलं. सात-आठ केस, तेही वरवरचे. ऑक्टोबर लागलेला, म्हणजे इकडचा वसंत, गावाबाहेर बार्लीची शेतं पिवळी पडायला आलेली, आणि सुलतानासारखं लांब केसांचं मांजर आठ दिवसांत मूठभर केस टाकत नाही? दर वर्षी या दिवसांत ती नुसती दारातून गेली तरी मागं लव तरंगायची. खुर्ची, टोपी, चहाचा कप, काही म्हणून सुटायचं नाही.

"गेले कुठं?" त्यानं तिलाच विचारलं.

सुलताना टेबलावर पसरली होती. रंग मनुकांचा, मानेभोवती राजदरबारात शोभावी अशी झालर, आणि शेपटी अशी की ती नुसती हलली तरी वाटावं, आता कुणीतरी ललकारी देणार. तिनं जांभई दिली.

"केस काही हवेत विरत नाहीत, बाईसाहेब. कंगव्यात यायला हवेत, नाही तर चटईवर. दोन्हीकडं नाहीत. मग?"

चटईवर म्हणजे काय, हे लांब केसांचं मांजर पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. मांजर दिवसभर अंग चाटतं. त्याची जीभ कानशीसारखी, तिला लागलेला सुटा केस थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बराचसा पोटातून पुढं सरकून निघून जातो. उरतो त्याचा गोळा होतो, आणि एखाद्या सकाळी मान लांब करून, पोट आत-बाहेर करत मांजर बोटाएवढी ओली वळकटी चटईवर ठेवतं. पाहणाऱ्याला किळस येते, पण पाळणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. वाईट असते ती न आलेली वळकटी. क्लेमच्या बहिणीचं पांढरं मांजर तशा एका वळकटीनंच गेलं होतं. ती आतच अडकली, आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं.

आणि या घरात सुलताना सोडली तर श्वास घेणारं दुसरं कुणी नव्हतं.

क्लेम चौऱ्याहत्तर वर्षांचा. जन्म मूंट्यातलाच, तांब्याच्या जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांशेजारी. अडतीस वर्षं त्यानं एकच काम केलं. मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये लाकडी टेबलापाशी उभं राहून लोकर पारखायची. कातरणारे मेंढीपासून सोलल्यासारखी अख्खी लोकर आणून टेबलावर फेकत, आणि क्लेम तिच्यावर संशय घेई. हो, कामच ते होतं. लोकर दिसायला सगळी सारखीच, पण कुठं तरी खोट असतेच. एखादी लट दोन बोटांत ताणून कानाशी धरायची आणि तिला टिचकी मारायची. खणखणली तर पक्की. मेंढी उपाशी राहिली असेल, आजारी पडली असेल, तर त्या महिन्याच्या जागी लट पुटकन तुटते. मालक कितीही गोड बोलो, लोकर खोटं बोलत नाही. बोटांना सगळं कळतं.

एवढी पारख असलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोचं जाणं मात्र कळलं नव्हतं. एडना पहिल्यांदा ॲडलेडला लेकीकडं गेली ती शनिवार-रविवारपुरती. मग आठवडा. मग पंधरा दिवस. मग हिवाळाभर. भांडण नाही, आदळआपट नाही, निरोपाचा प्रवेशच नाही. अकरा वर्षं झाली. एके दिवशी कपाट उघडलं तर तिच्या बाजूला फक्त खुंट्या होत्या. तेव्हापासून क्लेम ट्रेंबाथ जाणाऱ्याकडं नीट लक्ष ठेवायचा. त्याच्या मते कुणी एकदम जात नाही, आधी जरा जरा जातं.

त्या सकाळी त्यानं सुलतानाला वेताच्या टोपलीत घातलं आणि गाडी काढून शेजारच्या कडायना गावी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाई तरुण, बोलायला तुटक. त्यांनी पोट दाबून पाहिलं, ओठ वर करून हिरड्या पाहिल्या.

"खाते?"

"खाते."

"शी होते? कोरडे उमासे?"

"होते. उमासे नाहीत."

"मग आत काही अडकलेलं नाही. उलट कौतुक करायला हवं तुमचं. गेल्या वसंतात हिच्या काखेतल्या जटा मला मशीननं काढाव्या लागल्या होत्या, आठवतंय? आता बघा. काखा, पोट, मांड्यांच्या आत, कुठं एक गाठ नाही. कुणीतरी फार मन लावून विंचरतंय हिला."

कौतुकानं माणूस फुलतो. क्लेम मनातल्या मनात हिशेब मांडू लागला. तो पाठ विंचरायचा, कुशी विंचरायचा. काखेपाशी गेला की सुलताना फिस्कारायची आणि तो हात मागं घ्यायचा. मग हे "कुणीतरी" कोण?

परतीच्या वाटेवर त्यानं दोनदा गाडी थांबवून टोपलीत डोकावून पाहिलं. ती शांत झोपली होती. अपराधी मनाला झोप येत नाही असं म्हणतात, पण ते माणसांचं.

पर्सी हॉस्किंग त्याचा साठ वर्षांपासूनचा मित्र. खाणीतल्या रेल्वेवर होता, आता निवृत्त, डोक्याचा गुळगुळीत गोटा. रोज अकराला क्लेमकडं चहाला यायचा, बिस्किटं स्वतःची आणायचा.

"पर्सी, माझ्या मांजराला कुणीतरी विंचरतंय."

"अरे वा. त्याला म्हणावं माझ्याकडंही ये. वर काही उरलेलं नाही, पण हात फिरवायला काय जातंय?"

"चेष्टा नको. हे बघ, मानेची झालर. कुठं झुकलीय?"

"झालर झालरीसारखी आहे, लेका."

"डावीकडं झुकलीय. मी उजव्या हातानं विंचरतो, झालर उजवीकडं पडते. सकाळी सातला मी उजवीकडं पाडतो, ती कुंपणाकडं जाते, अकराला परत येते तेव्हा डावीकडं. ज्यानं हे केलं तो डावखुरा आहे."

पर्सीनं बिस्कीट चहात बुडवलं आणि ते तिथंच विरघळू दिलं. "क्लेम, शर्टाची वरची दोन बटणं लाव आधी. थंडी आहे. छातीत सर्दी भरली की माणसाला असलं काहीतरी सुचतं."

"उकडतंय मला," क्लेम म्हणाला. हल्ली तो ती बटणं लावतच नसे.

दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. मूंट्यात डावखुरी माणसं किती, हे तोवर कुणी मोजलं नव्हतं. बेकरीत ग्वेन बोलिथो डाव्या हातानं पेस्टी पिशवीत घालते, हे क्लेमच्या ध्यानात आलं. गेली वीस वर्षं तो तिच्याकडूनच मटण-बटाट्याची ती मोठी करंजी घेत होता, पण हात कधी पाहिला नव्हता. आता तो हाताकडंच पाहत उभा राहिला. मागं रांग वाढली.

"काय बघता हो, क्लेम?"

"तुम्ही डावखुऱ्या?"

"जन्मापासून. का? डाव्या हातची पेस्टी कडू लागते?"

"मांजर पाळलंय घरी?"

"मला मांजरानं शिंका येतात. नवऱ्यानंही येतात, पण त्याला रात्री बाहेर ठेवता येत नाही."

रांग हसली. क्लेमनं तिच्या काळ्या एप्रनवर मनुकारंगी केस आहे का ते बारकाईनं पाहून घेतलं. पीठ होतं, केस नव्हता. "हं," तो म्हणाला, आणि तिला यादीतून तात्पुरतं वगळलं.

दुपारी क्लबाच्या हिरवळीवर म्हातारे गोळे घरंगळवायचा खेळ खेळत होते. क्लेम बाकावर बसून हात पाहत राहिला. डाव्या हातानं टाकणारे दोघेच. एक प्रार्थनामंदिरातले पाद्री. दुसरा पर्सी.

पर्सी खेळून घाम पुसत येऊन बसला. क्लेमची नजर त्याच्या डाव्या हातावरच होती.

"काय रे? असा का बघतोस?"

"तू डावखुरा आहेस."

"साठ वर्षं ओळखतोस मला. आज कळलं?"

"रोज अकराला येतोस. ती अकराला परत येते."

पर्सीनं रुमाल घडी करून खिशात ठेवला. त्याला एवढा वेळ लागला की क्लेमला वाटलं, आता हा उठून जाणार. "माझ्या हाताला ते मांजर दोनदा चावलंय," पर्सी म्हणाला. "ही बघ खूण. आणि तू माझ्यावर... अरे, तुझ्या लग्नात अंगठी माझ्या खिशात होती. तेव्हा पळवली का मी?"

"अंगठी नाही पळवलीस तू. ती वेगळी गोष्ट आहे."

"कशी वेगळी?"

क्लेम हिरवळीवरचे गोळे मोजू लागला. पण पर्सी उठून गेला नाही. बाकावर थोडा सरकून बसला, एवढंच.

दहाव्या दिवशी लोणी सापडलं.

सुलताना अकराला कुंपणाकडून आली, पायरीवर बसली आणि उजवा पंजा चाटू लागली. मांजर अंग चाटतं ते काम म्हणून. ती चाटत होती ते चवीनं, डोळे मिटून. क्लेमनं पंजा उचलून नाकाशी नेला. मग स्वतःचं बोट त्यावर फिरवून जिभेवर ठेवलं.

चहाला पर्सी आला तेव्हा क्लेम अजून पायरीवरच होता.

"लोणी," क्लेम म्हणाला.

"कुठाय? पाव आणू का?"

"हिच्या पंजाला. खारं."

पर्सीचा चेहराच बदलला. त्यानं बिस्किटांचा पुडा हळूच खाली ठेवला. "चारही?"

"पुढचे दोन."

"मग ठरलं, गड्या," पर्सी म्हणाला, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती. "आम्ही खाणीवरच्या घरातून इकडं राहायला आलो ना, तेव्हा आईनं बोक्याच्या पंजांना लोणी लावलं होतं. नव्या घराच्या उंबऱ्यात बसवून. चाटून चाटून संपवेपर्यंत मांजराला जुन्या घराची वाट आठवत नाही, असं म्हणायची. आमचा बोका परत एकदाही गेला नाही."

क्लेमला हे सांगायची गरजच नव्हती. त्याच्या आईनंही तेच केलं होतं, तिच्या आईनंही. मूंट्यात घर बदललं की आधी चूल, मग मांजराच्या पंजाला लोणी. आपल्या मांजराच्या पंजाला परक्यानं लोणी लावणं म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. गोड बोलून लोणी लावणारे पुष्कळ असतात, पण इथं तर सरळ कृतीच होती. कुणीतरी सुलतानाला ठेवून घेत होतं.

पर्सी चहा न पिताच गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मांजराच्या मागं जा."

दुसऱ्या सकाळी सुलताना निघाली आणि क्लेम तिच्या मागं निघाला. परसाच्या टोकाला पत्र्याचं कुंपण, त्याच्या कोपऱ्यात पत्रा वाकून फट पडलेली. फटीच्या खिळ्याला मनुकारंगी केसांचा झुपका लटकत होता. रोजचा रस्ता. सुलताना फटीतून गेली. क्लेम गल्लीला वळसा घालून गेला, आणि मागच्या घराच्या फाटकाशी उभा राहिला.

ते घर दोन वर्षं रिकामं होतं. जूनमध्ये तिथं एव्हिस लिंडनर नावाची बाई टनुंडाहून येऊन राहिली होती. द्राक्षमळ्यांच्या भागातली, जुन्या जर्मन घराण्यातली, सत्तरीच्या आतबाहेर, उंच, मोठ्या हाडापेराची. गावात तिच्याबद्दल अजून मत बनलेलं नव्हतं. पडदे जाड आहेत, एवढंच बोललं जायचं.

व्हरांड्यात बुटक्या स्टुलावर ती बसली होती. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर सुलताना. उताणी. आठ वर्षांत ते पोट क्लेमनं उजेडात पाहिलं नव्हतं. मागचे पाय सैल सोडलेले, मान मागं टाकलेली, आणि बाईच्या डाव्या हातातला रुंद दातांचा कंगवा काखेतून सावकाश खाली येत होता. शेजारी ठेवलेल्या परडीत लवेचा ढीग साठला होता.

"चोर!" क्लेम म्हणाला. शब्द अडतीस वर्षांच्या शेडमधल्या आवाजात यायला हवा होता, पण मध्येच चिरकला.

"हळू बोला. दचकली तर मांडीला नखं लागतील माझ्या," ती म्हणाली. मान वर केली नाही.

"ते मांजर माझं आहे."

"माहीत आहे. रोज सकाळी सातला ऐकते ना मी. 'हलू नका, बाईसाहेब, हलू नका,' आणि मग हिचं किंचाळणं. उपटता काय हो केस? आणि वर कागदी पिशव्यांत भरून पेन्सिलीनं काय लिहिता त्यावर? विकता कुणाला?"

क्लेम आरोप करायला आला होता. आपल्यावरही कुणी आरोप तयार ठेवला असेल, ही शक्यता त्यानं धरलीच नव्हती.

"विकतो? मी? प्रत लिहितो मी त्यावर. मानेची वेगळी, पाठीची वेगळी."

"मांजराच्या केसांची प्रत?"

"सवय आहे!"

"मला वाटलंच होतं काहीतरी विचित्र आहे. चार महिने नजर ठेवून आहे मी तुमच्यावर."

"तुम्ही? माझ्यावर? आणि हे लोणी कुणी लावलं पंजाला?"

"मी लावलं. मग?"

"कबूल करता!"

"कबूल काय करायचंय त्यात?" आता मात्र तिनं मान वर केली. "तीन आठवड्यांपूर्वी ही माझ्या पायऱ्यांखाली ढास लागून पडली होती. ओकली तेव्हा माझ्या या बोटाएवढी वळकटी पडली. आमच्या टनुंडाच्या आजीचा उपाय होता. केस गळायच्या दिवसांत मांजराच्या पंजाला लोणी चोपडायचं. मांजर चाटतं, आणि पोटातले केस घसरून खाली जातात. डॉक्टर म्हणतात लोण्यानं काही होत नाही, माल्टचा चिकट लेप मिळतो तो द्या. मागवलाय मी कडायनाहून. तोवर आजीचा उपाय. तुमच्यात कशाला लावतात?"

क्लेमनं सांगितलं. सांगताना त्याचं त्यालाच ते जरा हलकं वाटलं.

ती हसली नाही. "म्हणजे मी हिला पळवायला लोणी लावलं असं?"

"सगळं गाव तेच म्हणेल."

"तुमच्या गावाला सांगा, वीस वर्षं पर्शियन मांजरं पाळलीत मी. मांजरांच्या स्पर्धांत भिंतभर फिती मिळवल्यात त्यांनी. त्यातलं एकही दुसऱ्याच्या घरचं नव्हतं." तिनं कंगव्यातली लव काढून परडीत टाकली. "आणि ऐका, मिस्टर ट्रेंबाथ. तुम्ही हिला वरवर विंचरता. दुधावरची साय काढावी तसं. वरचे केस दिसायला लांब, पण गळते ती खालची लव. तिथवर तुमचा कंगवा जातच नाही. मग ती लव ही चाटणार, गिळणार, आणि एक दिवस..."

"अडतीस वर्षं लोकर पारखलीय मी, बाई."

"मग काखेतली गाठ हाताला कशी लागली नाही?"

त्यानं वाकून सुलतानाला उचललं. बाईनं अडवलं नाही. "दार बंद ठेवा," एवढंच म्हणाली. "तीन आठवड्यांत विसरेल मला."

घरी येताना त्याला हेच खटकत राहिलं. इतक्या सहज दिली? ज्याला हवं असतं तो इतक्या सहज देतो का?

त्यानं फटीवर पत्रा ठोकला. मागच्या दाराला सुलतानासाठी केलेली झडप आतून फळी मारून बंद केली. कंगवा सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला, दोनदा. आता तो खोलवर विंचरत होता, निदान विंचरतोय असं मानत होता. कंगव्यात थोडे केस यायचे. सुलताना खिडकीत बसून परसाच्या टोकाकडं पाहायची. क्लेम वर्तमानपत्राआडून तिच्याकडं पाहायचा.

तिसऱ्या दिवशी तिनं मासा हुंगला आणि पाठ फिरवली.

चौथ्या सकाळी, चहा गाळत असताना, त्याला मागून तो आवाज आला. ती चटईवर उभी होती. मान लांब, तोंड उघडं, पोट आत-बाहेर. एकदा. दोनदा. पाच वेळा. काही आलं नाही. ती सरकून कपाटाखाली गेली.

बहिणीचं पांढरं मांजरही असंच कपाटाखाली गेलं होतं.

त्यानं वाचायचा चष्मा लावला, तिला ओढून बाहेर काढलं, टेबलावर घेतलं. हात ओरबाडून घेतले, पण तिला उताणं केलंच. डाव्या काखेत, लवेच्या मुळाशी, हरभऱ्याएवढी घट्ट गाठ होती. चष्म्यातून स्वच्छ दिसत होती. रोज दोनदा तो तिथवर कंगवा नेत होता.

त्यानं गाठीवर उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवलं आणि डोळे मिटले. काही नाही. दुसरं बोट ठेवलं. काही नाही. अंगठा. डोळे उघडले. अंगठा बरोबर गाठीवर होता.

किती दिवस झाले असतील याला? मागं एकदा चहाचा कप हातातून निसटला, तो म्हणे कप गुळगुळीत होता म्हणून. बटणं लावायची सोडली, ती म्हणे उकडतं म्हणून. गेल्या वसंतात डॉक्टरीणबाईंना काखेत जटा सापडल्या, तेव्हा तो त्यांच्यावरच चिडला होता. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यानं संशय घेतला होता. फक्त या तीन बोटांवर नाही.

तो टेबलाशी बसून राहिला. आता करायचं ते एकच होतं, पण त्याचा अर्थ त्याला पुरेपूर कळत होता. त्या बाईच्या दारात हे मांजर आपल्या पायानं नेऊन ठेवायचं. आज एका सकाळीपुरतं. मग आठवड्यातून दोनदा. मग रोज. एडनाच्या वेळची ती चढण त्याला पाठ होती. आणि नेलं नाही तर? सुलतानानं पुन्हा मान लांब केली. पुन्हा काही आलं नाही.

तो उठला. टोपली घेतली. मागच्या गल्लीनं गेला नाही. पुढच्या दारानं बाहेर पडला, भर रस्त्यानं, ग्वेन बोलिथोच्या बेकरीसमोरून, टोपी न घालता, वरची दोन बटणं तशीच उघडी. ज्याला पाहायचं त्यानं पाहिलं.

एव्हिस लिंडनरनं दार उघडलं.

"ही दोन बोटं," क्लेम म्हणाला, "आणि हा अंगठा. गेलेत. दोनेक वर्षं झाली असतील. कंगवा हातात आहे एवढं कळतं. कंगव्याखाली काय आहे ते कळत नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही."

तिनं त्याच्या हाताकडं पाहिलंही नाही. "खात कधीपासून नाही?"

"काल सकाळपासून. आज कोरडे उमासे."

"आत या."

तिनं आधी कडायनाला फोन लावला. क्लेम रिसीव्हरच्या जेवढ्या जवळ जाता येईल तेवढा गेला, ही तिकडं भलतंच काही सांगत नाही ना ते ऐकायला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोट मऊ आहे ना, मग लेप द्या, पाणी पाजा, सुटी लव काढून टाका. दुपारपर्यंत काही पडलं नाही किंवा पोट ताठ झालं तर ताबडतोब घेऊन या. लेपाची नळी आदल्याच दिवशी पोस्टानं आली होती. सुलताना तोंड उघडेना, तेव्हा एव्हिसनं तो तपकिरी लेप तिच्या पंजालाच चोपडला. क्लेमनं तोंड दुसरीकडं केलं.

मग टॉवेल, स्टूल, रुंद कंगवा. पण आज सुलताना उताणी पडून राहीना. नखं निघाली.

"डोकं धरा," एव्हिस म्हणाली. "लांब केसांच्या मांजराला दोन माणसं लागतात. एकानं धरायचं, एकानं विंचरायचं. वीस वर्षं मी एकटीनं केलं, त्याच्या खुणा आहेत दंडावर. दाबू नका. नुसतं धरा."

"दाबलं की नाही ते मला कळत नाही."

"मी सांगेन."

तिनं गाठ कापली नाही. बोटांनी थोडी थोडी सोडवली, मग कंगव्याचं टोक मुळाशी घालून बाहेरच्या बाजूनं आत येत राहिली. क्लेम तिच्या डाव्या हातावरून नजर हलवत नव्हता. मध्ये एकदा तिनं "दाबताय" म्हटलं. त्यानं सैल सोडलं. लव निघत गेली, करडी, धुरासारखी हलकी, चार दिवसांची; एवढी की परडीत मावेना. सुलताना गुरगुरली, थांबली, पुन्हा गुरगुरली.

साडेबाराला ती उठली, व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेली, मान लांब केली. दोघंही श्वास रोखून उभे. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा फरशीवर ओली, लांबट, करडी वळकटी पडली. सुलतानानं तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ती पाण्याच्या वाडग्याकडं गेली आणि बराच वेळ पाणी पीत राहिली.

क्लेम आणि एव्हिस मात्र त्या किळसवाण्या वस्तूकडं असे पाहत राहिले, की कुणाला वाटावं, पाळण्यात मूल ठेवलंय.

"मोठी होती," एव्हिस म्हणाली.

"हं," क्लेम म्हणाला. त्यानं खुर्ची ओढून घेतली आणि बसला.

थोड्या वेळानं तो टोपली घेऊन उठला. "मी नेतो हिला."

"न्या ना. तुमचीच आहे."

तो दारात थांबला. "उद्या सकाळी या. इथं नाही, माझ्याकडं. माझ्या टेबलावर. मी धरेन."

"किती वाजता?"

"सात."

"सातला मी अंथरुणात असते."

"सातला तुम्ही कुंपणाशी ऐकत असता. स्वतःच म्हणालात."

"ऐकते ती अंथरुणातून. तुमचा आवाज पोचतो तिथवर."

"आठ."

"साडेआठ. आणि चहा हवा. दोन चमचे साखर."

क्लेमनं डोळे बारीक केले. एका परक्या मांजरासाठी सत्तरीची बाई रोज कशाला येईल? "का येणार तुम्ही?" त्यानं सरळ विचारलं. "तुम्हाला यात काय मिळणार?"

एव्हिस टॉवेल झटकत होती. "माझं शेवटचं मांजर फेब्रुवारीत गेलं," ती म्हणाली. "तेव्हापासून सकाळी हातांना काम नसतं."

क्लेम या वाक्यात खोट शोधत राहिला. टोपलीत सुलतानानं कूस बदलली.

"पुढच्या दारानं या," तो शेवटी म्हणाला. "कडी काढून ठेवतो."

"साडेआठ," एव्हिस म्हणाली, आणि फरशी पुसायला फडकं आणायला आत गेली.